चौऱ्याऐंशी रत्तल

मथुराताईने अरूला काखेत घट्ट धरलं आणि काट्याच्या फळीवर पाय ठेवला. फळी कुरकुरली. अरूने तिच्या तांबड्या आलवणाचा पदर मुठीत आवळून धरला.

"हलू नकोस हं, ताई," भालचंद्र म्हणाला. "श्वासही जरा जपून घे."

"श्वासाला वजन असतं होय रे?"

"असतं." तो हसला नाही. दांडीवरचा पितळी ठोकळा त्याने करंगळीच्या नखाने पुढे ढकलला, मागे घेतला, पुन्हा अर्धी रेघ पुढे नेला. दांडी झुलायची थांबली. "एकशे पाच." त्याने वही उघडली. "तुझे चौऱ्याऐंशी वजा. एकवीस. म्हणजे पुन्हा एकवीसच."

काटा बंदरावरच्या एका बंद पडलेल्या वखारीतला होता. भालचंद्र हायस्कुलात सायन्स शिकवी. पौषात त्याने तो गाडीत घालून घरी आणला आणि पडवीत बसवला. दोन वर्षांच्या अरूला एकट्याला फळीवर ठेवलं की तो किंचाळून खाली उतरे, म्हणून कुणीतरी त्याला घेऊन उभं राहायचं आणि मागून आपलं वजन वजा करायचं असं ठरलं. अरूच्या आईला, मालिनीला, तेव्हा चौथा महिना होता.

"हिचं वजन आता रोज बदलणार," भालचंद्र म्हणाला होता. "ताईचं बरं आहे. एकवेळचं जेवण, ठरलेलं ताट. तिच्यात फरक पडायचा नाही."

त्या दिवशी त्याने बहिणीला एकटीला उभं करून तोललं आणि वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिलं: चौऱ्याऐंशी रत्तल. मोजायचं म्हटलं की न बदलणारं असं काहीतरी एक हाताशी लागतं, हे त्याने तिला समजावून सांगितलं. मथुराताईला तो मान वाटला. चौदा वर्षांच्या वैधव्यात कुणी तिचं काही वहीत लिहून घेतलं नव्हतं.

आता चैत्र उतरणीला लागला होता. दर दुसऱ्या रविवारी तोलायचं, असं पाचदा झालं. पाचही वेळा एकशे पाच.

"भालू, पोर जड झालंय रे," ती फळीवरून उतरत म्हणाली. "काखेत घेतलं की कळतं मला."

"हाताला काय कळतं? हात दमतो, तेही जडच वाटतं." त्याने टाक पुसला. "गुहागरहून पुन्हा पत्र आलंय. तुझे दीर लिहितात, बोटी बंद व्हायच्या आत वहिनींना पाठवा. काय कळवू?"

मथुराताई अरूच्या सदऱ्याचं बटण लावू लागली. बटण काजाशी ओढून आणावं लागत होतं.

"अरूचं वजन वाढत असतं तर मी बेधडक लिहिलं असतं, की मुलाला हिची गरज आहे," तो म्हणाला. "पण काय दाखवून लिहू? पुढच्या वेळी बघू. वाढलं तर राहा."

"मला एकटीला पुन्हा एकदा तोलून—"

"तुझं घेतलंय की. तुझं काय बदलणार आहे?"

तिने बटण तसंच उघडं सोडलं.

*

अरूच्या खाण्याचं काही खरं नव्हतं. हिरवं दिसलं की तोंड फिरवी, चिकट लागलं की थुंकी, काल मागून घेतलेलं आज हाताने उडवी. भालचंद्रने इंग्रजी पुस्तकं चाळून तक्ता केला आणि तो स्वयंपाकघराच्या दारामागे ठोकला. सकाळी सातला बार्लीचं पाणी, दहाला उकडून गाळलेला बटाटा, दोनला दूध आणि बिस्किट. त्याच तक्त्यावरून मुंबईच्या एका मासिकासाठी त्याचा लेखही चालला होता, खायला कंटाळणाऱ्या मुलांसाठी सोप्या आणि पौष्टिक पदार्थांवर. खाल्लं की मालिनीने त्या चौकटीत फुली मारायची. फुल्या सगळ्या होत्या. बटाटा बहुतेक वासराच्या घमेल्यात जाई.

भालचंद्र साडेदहाला शाळेत जाई तो पाचला येई. साडेबाराच्या सुमाराला सगळ्यांची आवराआवर झाली की मथुराताई चुलीपासल्या कोपऱ्यात आपलं पान मांडी. दोन वाढण्या भात, कुळथाची पिठी, असलं तर तूप. तिची वाटी खाली टेकल्याचा आवाज ऐकला की अरू जिथे असेल तिथून दुडदुडत येई आणि तिच्या गुडघ्याला टेकून बसे.

ती भात मऊ कुस्करी, त्यात मेतकूट घाली, लोणच्याच्या खाराचं एक बोट फिरवी आणि लहान लहान घास करून ताटाच्या काठाने ओळीने लावी.

"हा जयगडचा मचवा. ह्यात काय आहे?"

"नायळ," अरू म्हणे.

"नारळ. आणि हा हर्णैचा पडाव, ह्यात सुपाऱ्या. बंदर उघडा बघू."

अरू तोंड उघडी. मचवा आत जाई. पावसचं होडकं, दाभोळचं गलबत, एकामागून एक. कधी कधी तो स्वतःच आ करून बसे, आणि बोट बंदरात लागेपर्यंत काही केल्या तोंड मिटत नसे.

ताटातलं अर्धं असं संपे. उरलेलं मथुराताईचं. पान एकदाच वाढून घ्यायचं, उठेपर्यंत पुन्हा भातात हात घालायचा नाही, हा सासूने घालून दिलेला नेम होता. आधीच जास्त वाढून घ्यावं म्हटलं, तर तेही एकदा करून झालं होतं. नेमकी तेव्हाच शेजारची येसूबाई विरजण मागायला आली. ताटाकडे बघून म्हणाली, "काय गो मथ्ये, रात्रीचंही आत्ताच उरकतेस की काय?" सगळ्या हसल्या. मथुराताईही हसली. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा दोन वाढण्या.

मालिनी हे रोज बघे. तक्त्याबाहेर मुलाच्या पोटात काही जाता कामा नये, असं नवऱ्याने बजावलेलं. पण सकाळभर वाटी घेऊन मुलामागे धावून तिच्या पायांना सूज येई. साडेबाराला ती भिंतीला टेकून डोळे मिटून घेई. सांगायचं कुणीच नाही, हे दोघींमध्ये न बोलता ठरलं होतं.

त्या रविवारी संध्याकाळी विहिरीवर आलवण पिळताना मथुराताईने हिशेब केला. आलवण हल्ली कमरेला एक वेढा जास्त घेत होतं. पोराच्या सदऱ्याचं बटण लागत नव्हतं. गुहागरला दिराच्या बागेतले नारळ ती वर्षानुवर्षं मोजत आली होती. एका ढिगातले काढून दुसऱ्यात टाकले तर दोन्ही ढीग मिळून तेवढेच भरतात, हे सांगायला तिला सायन्स नको होतं.

भालूला हे सांगता आलं असतं. पण मग तो विचारणार, तुझं कमी कसं झालं. मग ताट येणार, फुल्या येणार, मालिनीला बोलणी बसणार, आणि उद्यापासून पोराला चुलीपासल्या कोपऱ्यात कुणी येऊ देणार नाही. शिवाय मला पोटाला कमी पडतं हे तोंडाने बोलायचं, तेही भावाच्या घरी. तिने आलवण दोरीवर टाकलं आणि दोन्ही हातांनी ताणून सरळ केलं.

गुहागरला अठरा माणसांचा स्वयंपाक होता. निजायला नारळाची सोडणं साठवायची खोपी. मुलं होती, पण ती तिला शिवत नसत.

*

सोमवारी भालचंद्रने तक्ता बदलला. बाजारात नवी आलेली बेलवांगी, ज्यांना तो टोमॅटो म्हणे, त्यांचा गाळलेला रस आणि भाजलेल्या शेंगदाण्याची पूड घातलेली बार्ली. अरूने रस पहिल्या घोटाला भिंतीवर उडवला. मालिनीने भिंत पुसली आणि फुली मारली.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी मथुराताई आंघोळ करून स्वयंपाकघरात गेली. खलबत्त्यातला लोखंडी बत्ता तिने उचलला, तळहातावर जोखला आणि आलवणाच्या आत कमरेला एका जुन्या पंच्याने बांधला. लोखंड पोटाला गार लागलं. मग तिने अरूला हाक मारली.

"एकशे साडेसात," भालचंद्र म्हणाला आणि थांबला. "ताई, उतर. पुन्हा चढ बघू."

ती उतरली. पुन्हा चढली. बत्ता अंगठाभर खाली सरकला. तिने अरूला त्या बाजूच्या काखेत घेतलं. मालिनी पडवीच्या दारात उभी होती. तिची नजर नणंदेच्या कमरेवर आली, क्षणभर तिथेच राहिली, आणि मग ती अंगणातल्या तुळशीकडे बघू लागली.

"एकशे साडेसातच." त्याने काटा रिकामा करून शून्यावर येतो का तपासलं. येत होता. "साडेतेवीस. अडीच रत्तल, पंधरा दिवसांत."

"हाताला कळतच होतं," मथुराताई म्हणाली. तिचा आवाज जरा वर गेला होता.

भालचंद्र वहीची पानं मागे-पुढे करत होता. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी गणित सुटलं की व्हायचे तसे. "बघ, दहा आठवडे रेघ सरळ. तक्ता बदलला, की रेघ वर. पुस्तकात हेच दिलंय. उपाशी राहिलेल्या शरीराला नेमकं हवं ते मिळालं की ते असं भराभर भरून काढतं. लेखाला हेच हवं होतं मला."

"मग गुहागरला कळवतोस ना? मला इथेच—"

"कळवतो ना. आजच." त्याने वही मिटली. "आता तुला अडकवून ठेवायचं काही कारणच उरलं नाही. बाळंतपणाला देवरूखहून हिची आई येतेय. अरूचं मार्गी लागलं."

"पण तू म्हणालास, वाढलं तर राहा."

"वाढलं ते आहारानं वाढलं, ताई." तो मायेनेच बोलला. "तू दहा आठवडे जीव लावून केलंस, काटा हलला नाही. तुझा दोष नव्हे तो. भातात असतं काय?"

मथुराताईने अरूला खाली ठेवलं. वाकताना पंच्याची गाठ पोटात रुतली. आत्ता इथे, सगळ्यांसमोर, ती सोडता आली असती. काट्यावर टाकला असता तर बत्ताही अडीच रत्तलच भरला असता.

"बरं," ती म्हणाली.

*

निघायच्या दिवशी तिने साडेबाराला पान मांडलं. वाटी टेकल्याबरोबर अरू आला. मालिनीने त्याला मध्येच उचललं.

"नको, राजा. तुझं दोनला आहे." मग नणंदेकडे न बघता म्हणाली, "उद्यापासून सवय करायचीच आहे, वन्सं."

"खरं आहे."

अरू पाय झाडत होता. मालिनी त्याला कमरेवर घेऊन तशीच उभी राहिली.

"परवाच्या रविवारी सुंठ कुटायला बत्ता शोधत होते मी," ती म्हणाली. "जागेवर नव्हता."

मथुराताईचा हात भातात थांबला. "सापडला ना मग?"

"सापडला." मालिनीने मुलाचं डोकं खांद्यावर दाबून धरलं. "मला त्यांना काही सांगता आलं नाही, वन्सं. फुल्या माझ्या होत्या."

मथुराताईने मान हलवली. मालिनी मुलाला घेऊन माजघरात गेली. ताटात दोन वाढण्या भात होता, पुरताच्या पुरता. पानात टाकायचं नाही, हाही नेम होताच. तिने तो सगळा संपवला. अर्ध्यानंतर ती दर घासाला पाण्याचा घोट घेत गेली.

बंदरावर चारला पोचले. आगबोट लांब नांगरून उभी होती. तिथवर पडावातून जायचं. दाभोळला उतरून खाडी ओलांडायची, पुढे बैलगाडी. सोबतीला गुहागरचे एक भटजी होते. भालचंद्रने तिचं बोचकं स्वतः उचलून पडावात दिलं. दुसऱ्या हातावर अरू होता.

"लेख छापून आला की अंक पाठवीन," तो म्हणाला. "तुझं नावही घातलंय त्यात. म्हणजे नाव नाही, मुलाची आत्या असं. तोलायला मदत केली म्हणून."

"पोराला जप."

"त्याची काळजीच नको आता."

खलाशांनी पडाव लोटला. कठड्याला धरून मथुराताई किनाऱ्याकडे तोंड करून बसली. अरू आधी पाण्याकडे बघत होता. मग पडावाकडे. मग पडावातल्या आत्याकडे. त्याने भालचंद्रच्या खांद्यावर हात टेकून मान पुढे काढली आणि तोंड उघडलं.

रडण्यासाठी नव्हे. नुसताच आ केला आणि तसाच वाट बघत राहिला.

पाण्याचा पट्टा रुंद होत होता. भालचंद्रने खिशातून तक्त्यातलं बिस्किट काढलं, मोडलं आणि त्या उघड्या तोंडात घातलं. अरूने ते थुंकलं, आणि पुन्हा तोंड उघडलं.