चोविसावी घोषणा

रोजगार कचेरीतल्या मॅडम दुकानाची पायरी चढताना दिसल्या आणि वेदश्रीने हातातला कापड मोजायचा गज खाली टाकला.

"तिकडं बस. गिऱ्हाईक हो," श्रीहर्षअण्णा ओठ न हलवता म्हणाले.

ती गादीवरून उतरून गिऱ्हाइकांच्या बाकावर बसली. अण्णांनी तिच्यापुढे हिरवी इरकल पसरली. दुर्गदबैल बाजारातल्या ह्या दुकानात दोन वर्षं ती साड्या उलगडत होती. तिच्यासाठी कुणी साडी उलगडली ती आज पहिल्यांदा. पण साडी दिसत होती कुणाला? तिचे डोळे पायरीकडे होते.

वेदश्री बी.ए. झाली तेव्हा तिला सरकारचा बेरोजगार भत्ता लागला, दोन वर्षं, महिना तीन हजार. अण्णांनी त्याच आठवड्यात तिला कामावर घेतलं. पगार आठ हजार ठरत होता, पण भत्त्याचं कळताच ते पाचावर आले. "तीन सरकार देतंय की. तुझे आठ ते आठच." गणित चोख होतं, सरकारचे तीन हजार तिच्या हातून अण्णांच्या गल्ल्यात जात होते एवढंच. तिचं नाव दुकानाच्या कुठल्याच वहीत नव्हतं, आणि दर महिन्याला फोनवर बटण दाबून तिला सरकारकडे घोषणा करावी लागे, की मला नोकरी नाही. तक्रार करावी तर आपणच खोटे ठरणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. पण उणकलच्या खोलीचं भाडं आणि आईची औषधं त्यावरच चालत. हा शेवटचा महिना होता. पुढच्या महिन्यापासून पूर्ण आठ, आणि तेही उजळ माथ्याने, ह्या आशेवर तिने तेवीस वेळा ते बटण दाबलं होतं.

मॅडम नेमक्या तिच्याशेजारी बसल्या.

"तू वेदश्री ना? कागद द्यायला आली होतीस."

"हो मॅडम."

"नोकरी लागली का ग कुठं?"

"नाही अजून."

"लागेल की." मॅडम नणंदेसाठी साड्या बघू लागल्या. ही नको, ती नको. नको म्हटलेली साडी त्या बाजूला सारत होत्या. अण्णा मोठ्याने खोकले तेव्हा वेदश्रीने खाली पाहिलं. तीन साड्या तिच्या मांडीवर काठाला काठ लावून, पदर वर घेऊन, पक्क्या दुकानी घडीत बसल्या होत्या. कुठलं गिऱ्हाईक अशी घडी घालतं?

मॅडमनी घड्यांकडे पाहिलं, मग अण्णांकडे.

"हात बसलाय हं पोरीचा," त्या म्हणाल्या. साडी घेतली, पैसे दिले. पायरीवरून वळून म्हणाल्या, "ह्या महिन्याची घोषणा राहिली असेल तर करून टाक ग."

त्या गर्दीत दिसेनाशा झाल्यावर अण्णांनी टॉवेलने मान पुसली.

"मी सांगणारच होतो तुला," ते म्हणाले. "तुझा भत्ता संपला. पूर्ण आठ मला झेपायचे नाहीत. देशपांडे नगरातली पूजा येतेय उद्यापासून. आत्ताच बी.कॉम. झाली, तिला भत्ता नुकता लागलाय."

"मग मला पाचच द्या, अण्णा."

हे आपणच बोललो ह्यावर तिचा विश्वास बसेना.

"त्या बाईनं बघितलंय तुला. नको बाई ती भानगड." अण्णा तिच्याकडे न बघता साड्या कपाटात लावू लागले. "उद्या एक दिवस ये मात्र. तिला घडी शिकवून जा."

बसस्टॉपवर उभी राहून तिने फोन काढला. 'आपण सध्या नोकरीत आहात काय?' दर महिन्याला हा प्रश्न वाचताना तिला वाटे, कुणीतरी खांद्यावरून वाकून बघतंय. आज उत्तर खरंच होतं, कुणीही बघितलं असतं तरी चाललं असतं.

तिने 'नाही'वर बोट ठेवलं. दाबायला तिला बराच वेळ लागला. उणकलची बस तेवढ्यात निघून गेली.