लूपलाइनवरची मालगाडी

सिस्टर खाटेजवळ येऊन नुसत्याच उभ्या राहिल्या, तेव्हाच उत्तमराव गवई समजले.

"कोण आलं?"

"ॲक्सिडेंट है, अंकलजी. बेहोशीवाले डॉक्टर तो एक ही हैं."

"मग त्यालाच आधी घ्या," म्हणत त्यांनी उशी सारखी केली.

जयपूरच्या कंट्रोल ऑफिसात कुठली गाडी पुढे काढायची आणि कुठली बाजूच्या लूपलाइनवर उभी करायची, हे ठरवण्यात त्यांची नोकरी सरली. हर्नियासाठी रेल्वेच्या दवाखान्याने त्यांना या मोठ्या रुग्णालयात पाठवलं, तर इथेही लाइन एक आणि गाड्या अनेक. उत्तमराव रमलेच. ऑपरेशन रद्द झालं म्हणून कुणी तणतणू लागलं, की सिस्टर त्याला यांच्याकडे धाडत. अपघात म्हणजे रिलीफ ट्रेन, ते समजावत; फुटायला आलेलं अपेंडिक्स म्हणजे राजधानी, पित्ताचे खडे म्हणजे पॅसेंजर. हर्निया ही मालगाडी, आत बसून ओरडणारं कुणी नाही. शेजारचे खडेवाले मास्तर हे ऐकून गपचूप आडवे होत.

पण आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, असं सर्जननी बजावलं होतं. आता खोकतानाही उत्तमराव पोट धरत. पेशंटसोबत माणूस हवंच, म्हणून त्यांच्या पत्नी कलावतीबाई खाटेखाली सतरंजीवर झोपत. मुलगा बंगळुरूला. दर वेळी तारीख हुकली, की जयपुरातच मानसरोवर भागात घरी जायचं, पुन्हा तपासण्या, पुन्हा तीच सतरंजी. त्यांचे गुडघे सुजून टम्म झाले होते.

दुपारी सिस्टर घाईने आल्या. आणखी एक ऑपरेशन होऊ शकत होतं.

"मास्तरांना घ्या," उत्तमराव म्हणाले. "पॅसेंजर आहे."

कलावतीबाई खाटेचा दांडा धरून उठल्या. पायात चपला सरकवल्या, हिरवी पिशवी उचलली.

"मालगाडी लय येळ उभी राहिली न् डायवरची ड्यूटी संपली, तं काय करत होते तुमी?"

"तिला लाइन द्यावीच लागते," उत्तमराव सवयीने म्हणाले. "ड्रायव्हर उतरून गेला, तर गाडी तिथंच राहते."

"मंग डायवर मी आहो. माही ड्यूटी संपली."

मास्तरांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांची पाठ हसत होती. उत्तमरावांनी बायकोच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग कंट्रोलच्या फोनवर बोलत तशा करड्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, मालगाडी काढा."

थिएटरच्या दारापाशी त्यांनी स्ट्रेचरवरून मान वळवली. कलावतीबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. आडगावच्या स्टेशनवरचा माणूस जाणाऱ्या गाडीसाठी धरतो, तसा त्यांनी हात लांब धरला होता. हातात उत्तमरावांच्या चपलांची हिरवी पिशवी.

दार मिटलं. वर लाल दिवा लागला, तेव्हा कुठे तो हात खाली आला.