अर्ध्यात सोडायचं नसतं

"आधी गाणं म्हणा, मावशी. मग साहेबांशी मी स्वतः तुमची गाठ घालून देते."

प्रोफेसर विल्माबाई लिओकादियाच्या गळ्यात परिषदेचा बिल्ला अडकवत होत्या.

"गाणं राहू दे बाई, मला गाठच पाहिजे," लिओकादिया म्हणाली. "आई काल संध्याकाळी गेली. घरात ठेवलीय. साहेबांनी हो म्हटलं की दुपारच्या भरतीला मी परत जाणार."

विल्माबाईंचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. मग ते पुसून त्या म्हणाल्या, "मग तर म्हणाच, मावशी. लोकांपर्यंत पोचायला हवं हे."

असल्या माणसांचं दुःख पाण्याइतकं खरं असतं आणि पाण्याइतकंच लवकर वाळतं.

लिओकादिया खाडीपलीकडच्या जुसाराल गावची. आता गाव कसलं, कोळंबीच्या कंपनीने किनारा घेतला आणि माणसं उचलून टेकडीवरच्या वसाहतीत नेऊन टाकली. जिवंत माणसं हलवता आली, मेलेली तिथंच राहिली. आंब्यांखालची स्मशानभूमी कुंपणाच्या आत गेली. लिओकादियाचा बाप तिथं, तिची दोन लेकरं तिथं. म्हातारीचं शेवटपर्यंत एकच म्हणणं होतं, "मला त्याच्याशेजारी ठेवा." कुंपण उघडायचं तर जमीनखात्याच्या साहेबांचा हुकूम लागायचा. साहेबांच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून बसून लिओकादियाचे गुडघे गेले, पण साहेबांचं तोंड दिसलं नाही. आज ते परिषदेचे प्रमुख पाहुणे होते. परिषदेने तिला बोलावलं होतं गाण्यासाठी. ती आली होती साहेबांसाठी.

पहाटे होडीत नावाडी नोनातोने तिला टोमणा मारला होताच. "आईला घरात टाकून परिषदेला निघालीस? पदक देतील तुला."

"पदक त्यांच्या गळ्यात घाल. मला हुकूम पाहिजे."

"भरती उतरायला लागली की मी निघणार, सांगून ठेवतो. होडी चिखलात रुतली तर म्हातारी उद्यापर्यंत वास मारेल."

"मारू दे. पण बापाशेजारी मारू दे."

नोनातो हसला, मग हसल्याची लाज वाटून वल्ह्याकडे बघत राहिला.

परिषद साओ लुईस शहरातल्या जुन्या बंदरालगत, निळ्या फरशांच्या एका कोठीत होती. विषय, गुलामांच्या बंदराच्या आठवणी. खालच्या ज्या अंधाऱ्या खोल्यांत माणसं विकायला कोंडत, तिथं आता कॉफी आणि केक मांडले होते. लिओकादियाच्या पणजीची आई याच धक्क्यावर उतरवली गेली होती. तिला कुणी केक विचारला नसेल.

वर पाहुणे बोलत होते. परदेशी प्रोफेसर भिंतीवर चित्रं दाखवत वेळेच्या पार पुढं गेले, त्यांना कुणी अडवलं नाही. लिओकादिया खिडकीतून पाणी बघायची आणि पहिल्या रांगेतली साहेबांची मान बघायची. पाणी उतरणीला लागलं होतं. साहेब फोन चाळत होते.

शेवटी तिला उभं केलं.

जुसारालमध्ये मेलेल्याच्या उशाशी म्हणायचं एक गाणं आहे. बारा कडवी. एका मयताला एकदाच म्हणायचं, आणि सुरू केलं की मध्ये सोडायचं नाही. सोडलं तर जीव धड इथला राहत नाही, धड तिकडं पोचत नाही, वाटेतच लटकतो. हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. परिषदेला हेच गाणं हवं होतं. लिओकादियाने ठरवलं होतं की त्याऐवजी ताडफळं फोडतानाचं काहीतरी म्हणून द्यायचं, यांना काय कळतंय. पण ती उभी राहिली तेव्हा साहेबांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि तिच्याकडे पाहिलं. कालपासून तिच्या घशात एकच गाणं अडकलेलं होतं. तेच बाहेर पडलं.

पहिलं कडवं संपेपर्यंत सभागृह गप्प झालं. साहेबांनी फोन खिशात घातला. लिओकादियाला वाटलं, ऐकतोय. बापाशेजारची जागा दिसू लागली तिला.

चौथ्या कडव्याला साहेबांनी घड्याळ पाहिलं. विल्माबाईंच्या कानाशी लागले. उठले.

अध्यक्षांनी वेळ संपल्याची घंटी वाजवली. लिओकादिया थांबली नाही. साहेब खुर्च्यांच्या मधून दाराकडे चालले होते, तिच्या अगदी जवळून. एक हाक मारली असती तर वळले असते. पदर धरता येतो तसा कोटही धरता आला असता. तिचा पाय पुढं सरकलासुद्धा. पण हाक मारायची तर गाणं तोडायला हवं, आणि खाडीपलीकडे आई निघाली होती, निम्म्या वाटेवर होती. आता तोडलं तर तिला ना नवरा भेटणार, ना देव.

तिने डोळे मिटले आणि पुढचं कडवं उचललं. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज तिला ऐकू आला.

बारावं कडवं संपलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या गाण्यावर याआधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

"काय गायलात, मावशी," विल्माबाईंचा आवाज भरून आला होता. "सगळं रेकॉर्ड झालंय."

"साहेब?"

"त्यांना जेवणाचं आमंत्रण होतं कुठंतरी. मी सोमवारी फोन करते ना त्यांना."

पाण्याचा उतार बघायला लिओकादिया खिडकीशीही गेली नाही, तशीच जिना उतरून धक्क्याकडे निघाली. नोनातो कमरेभर चिखलपाण्यात उभा राहून होडी ढकलत होता. तिचं तोंड बघून त्याने हात दिला.

दिवस मावळायच्या आत वसाहतीच्या मागं खड्डा खणला. टेकडीची जमीन लाल दगडाची. पहारीतून ठिणग्या उडत होत्या, आणि गुडघाभर खोल जायला माणसं आळीपाळीने दमत होती. बायका जमल्या. शेजारच्या झेफेरिनाने डोक्यावरचं फडकं नीट केलं आणि पहिल्या कडव्यासाठी श्वास घेतला.

"नको, झेफे," लिओकादिया म्हणाली. "तिचं म्हणून झालंय."

"कधी?"

"दुपारी. तिकडं शहरात."

"अगं, कुणापुढं?"

लिओकादिया खाली वाकली. मूठभर माती घ्यायला गेली तर हाताला खडेच लागले. तिने तेच टाकले. ते पेटीच्या फळ्यांवर वाजले, आणि सगळ्या बायका ओठ मिटून उभ्या राहिल्या.