फडक्याला भ्यालेली घोडी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे, टोकाला पोत्याचे फडके बांधलेली. मूळची मी मासे पकडण्याच्या गळाची. अमेरिकेतल्या मॉन्टानाच्या थंड ओढ्यांवर वाकत, ताणली जात मी वाढले. एका उन्हाळ्यात पिकअपच्या दारात सापडून माझा शेंडा मोडला. मोडलेल्याचे पुढे काय होते, याचे कुतूहल मला तेव्हापासून लागले.

सत्तरीच्या आर्डिस हाऊगेन बाईंनी मला कचऱ्यातून उचलले. घोड्यांच्या खुराकाच्या रिकाम्या पोत्याचा हातभर तुकडा त्यांनी कापला, माझ्या मोडक्या टोकाला गुंडाळला आणि वरून काळी चिकटपट्टी आवळली. दहा मिनिटांत माझा दुसरा जन्म झाला. हलवले की मी वाळक्या पानांसारखी सळसळू लागले.

रिंगणात सेज उभी होती, तीन वर्षांची राखी घोडी. वाऱ्याने काहीही फडफडले की ती उधळे. ती भीती घालवण्यासाठीच मला घडवले होते. बाईंचा म्हातारा घोडा हिवाळ्यात गेला होता, आणि ऑक्टोबरात डोंगरावरची गुरे खाली आणायची होती. त्यांचा धाकटा भाऊ ऑरव्हिल याने स्पष्टच बजावले होते, "तोवर ही शहाणी झाली नाही, तर लिलावात जाईल. तुझं कंबरेचं हाड एकदा जोडून आणलंय, ताई. तू आपली माझ्याबरोबर पिकअपमध्ये बस."

"पिकअपच्या काचेतून डोंगर बघायला मी काय पाहुणी आहे?" बाई म्हणाल्या.

रोज सकाळी त्या मला सेजसमोर हलवत. ती उधळली की बाईंना दया येई आणि त्या मला चटकन खाली आणत. ती दया मलाही आवडे. मात्र घोडी दिवसेंदिवस अधिकच वेगाने पळू लागली. तिसऱ्या आठवड्यात ती थेट कुंपणावर आदळली आणि तिचा खांदा सोलवटला.

कुंपणावर बसून ऑरव्हिल सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. "झकास शिकवलंस. पळालं की भूत जातं, हे तिला अगदी पाठ झालंय."

"मी कुठं तिला पळायला सांगितलं?"

"तोंडानं नाही सांगितलंस. हातानं सांगितलंस, रोज."

बाई पालथ्या बादलीवर बसून आपला हात वर-खाली करून बघू लागल्या. मीही मनात विचार करत होते: घोडी भ्याली कशाला, मला की माझ्या येण्याजाण्याला?

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुरूनच, अगदी हळू हलवले. सेज पळाली. माझी सळसळ तेवढीच राहिली, वाढली नाही आणि थांबलीही नाही. बऱ्याच फेऱ्यांनंतर तिचे पाय क्षणभर थबकले, आणि त्याच क्षणी मी खाली आले. असे अनेक दिवस चालले. मग एके सकाळी बाईंनी तिच्याकडे पाठ फिरवली आणि मला मातीतून ओढत त्या चालू लागल्या. मागून खुरांचा आवाज आला; एक पाऊल, मग थोडी शांतता, मग आणखी एक. माझ्या फडक्यावर उबदार श्वास पडला. ज्याच्यापासून ती महिनाभर पळाली, त्याला ओटचा, तिच्याच खुराकाचा, वास येत होता.

ऑक्टोबरात मला सेजच्या खोगिरामागे बांधून बाई डोंगरावर निघाल्या. खिंडीत वाऱ्याने त्यांचा रेनकोट उघडला आणि तो घोडीच्या कुशीवर फटाफट आपटू लागला. सेज थरथरली. तिचे कान मागे वळले. पाय मात्र जागचे हलले नाहीत. बाईंनी लगाम सैल सोडला.

मागून येणारा ऑरव्हिल पिकअपमधून उतरला. "ताई, लिलाववाल्याला नको म्हणून कळवतो."

"म्हणजे तू आधीच कळवलं होतंस?"

"चिडशील म्हणून बोललो नाही."

"आता चिडू, की गुरं हाकू?"

मित्रांनो, आज मी तबेल्यातल्या खिळ्यावर असते. उंदरांनी माझे फडके कुरतडले आहे. ते बदलणे सोपे आहे. पोते आणि चिकटपट्टी कोणत्याही घरात सापडते. तेवढे जरूर करा. पण मला हाती घेण्याआधी समोरच्याचे पाय निरखायला शिका. ते थांबतील तो क्षण फार लहान असतो. तेव्हा तुमचा हात खाली यायला हवा.