गाडीतली थोडी गंमत

"वहिनी, माझ्या धाकट्या भावाच्या हाती गाडी देतेस खरी, पण अधूनमधून बॉनेट उघडून बघत जा," असं नणंदेनं बजावलं होतं. वहिनीनं ते हसण्यावारी नेलं. तोच दीर रोज तिच्या लेकीला, चिमणीला, बालवाडीत सोडत होता, आणत होता. फुकटच्या ड्रायव्हरला कोण नावं ठेवणार?

आणि आता विमा कंपनीचा तपासनीस फाटकाशी उभ्या गाडीभोवती घिरट्या घालत होता. नवऱ्यानं विम्याची मुदत टळू दिली, म्हणून ही तपासणी. विमा झाल्याशिवाय गाडी बाहेर काढायची सोय नाही, आणि नवरोबा मीटिंगमध्ये. "तू बघून घे." या घरात सगळं तिनंच बघून घ्यायचं!

तपासनीस मागच्या बाजूला थबकला. डिकीवर चकचकीत अक्षरं होती: टर्बो.

"मॅडम, कागदांवर साधं इंजिन आहे. टर्बो, म्हणजे जादा ताकदीचं इंजिन असेल, तर विम्याचा दर वेगळा लागतो."

तिनं कपाळावर हात मारला. "अहो, ते नुसतं चिकटवलंय! दिराची हौस. उद्या तो 'विमान' लिहील, मग काय पंखांचा दर लावाल?"

तपासनीस हसला. "इंजिनात काही फेरफार?"

दीर फाटकाला टेकून उभा होता. "थोडी गंमत केलीय," तो पुटपुटला.

"हीच ती गंमत," ती अक्षरांकडे बोट दाखवत म्हणाली. "कधीची ऐकतेय. तुम्ही लिहा, फेरफार नाही."

दीर फाटकाची कडी खालीवर करू लागला. एरवी ज्याच्या तोंडाला टाळं लागत नाही तो कडीशी खेळत बसला, तिथंच तिला कळायला हवं होतं.

"गल्लीतल्या गल्लीत एक चक्कर मारून बघतो," म्हणत तपासनीस गाडीत बसला. गल्लीच्या टोकाला गाडी अशी उसळली की कोपऱ्यावर झोपलेलं कुत्रं केकाटत पळालं. परतला तेव्हा त्याचं हसू मावळलं होतं.

"टर्बो नाही, बरोबर. पण इंजिनाच्या कॉम्प्युटरशी खेळ करून ताकद वाढवलीय. छोटी गाडी, छोटं इंजिन, म्हणून तुमचा दर कमी होता. आता इंजिन दांडगं झालंय आणि ब्रेक तेच, टायर तेच. हे लपवून विमा काढलात आणि काही झालं, तर कंपनी हात वर करेल."

"भाऊजी?"

"सांगितलं होतं की, वहिनी! थोडी गंमत केलीय म्हणून."

"याला गंमत म्हणतात?"

"काय केलं ते तू विचारलंस कुठं? आणि जोरात अशी दोनदाच पळवली."

"चिमणी मागे बसली होती तेव्हा?"

"ती टाळ्या वाजवत होती," दीर म्हणाला.

तिनं हात पुढे केला. दिराच्या खिशातली दुसरी किल्ली निमूट हातात आली.

"इंजिन मूळचं करून घ्या, मी पुन्हा येतो," तपासनीस कागद आवरत म्हणाला. "नाहीतर वाढीव दर."

"मूळचंच," ती म्हणाली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "झालं का गं? एका विम्याला एवढा वेळ?" तिनं फोन बंद केला.

तेव्हापासून ती लेकीला चालत नेते. बालवाडीच्या दारात भेटेल त्या आईला सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगते: तुमच्या लेकराला रोज गाडीतून नेणारा माणूस घरचाच असेल, जीव लावणारा असेल. तरी उद्या एकदा मागच्या सीटवर, लेकराशेजारी बसून या.