हिरवा ऑक्सिजन

शाळेतून रेणू जोडायच्या लाकडी गोळ्यांच्या छत्तीसही पेट्या परत आल्या. त्सुयुकी मासुओने पावतीवर सही केली, पेट्या कारखान्यातल्या फळीवर रचल्या आणि दार आतून लावून घेतलं.

नागोशी बाईंचा फोन सकाळीच येऊन गेला होता. ओदावारातल्याच एका शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या.

"त्सुयुकी-सान, काम नेहमीसारखंच सुरेख आहे. काडी भोकात बसताना टक् वाजते," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "पण रंगांचं काय झालंय? ऑक्सिजन लाल हवा. एका पेटीत चार लाल, दोन हिरवे. दुसरीत सगळेच हिरवे. आणि क्लोरीन हिरवा हवा, तर काही पेट्यांत तो लाल. काल विज्ञान मंडळातल्या एका मुलीनं पाण्याचा रेणू जोडला आणि म्हणाली, बाई, पाण्याला शेवाळ आलंय."

"चूक झाली. डबे बदलले गेले."

"सोमवारी धडा सुरू होतोय. तोवर झालं नाही तर मला मुलांना पडद्यावरच दाखवावं लागेल. आणि एकदा पडद्यावर गेलं की आमचे मुख्याध्यापक परत लाकडाकडे वळायचे नाहीत. तुम्हाला ठाऊक आहेच."

त्याला ठाऊक होतं. ही शाळा त्याचं शेवटचं गिऱ्हाईक होती. आणि आज बुधवार होता.

मासुओ कातारी होता. चाळीस वर्षं तो लेथवर लाकडी गोळे कातत आणि त्यांना भोकं पाडत आला होता. कार्बनला चार भोकं, नायट्रोजनला तीन, ऑक्सिजनला दोन, हायड्रोजन आणि क्लोरीनला एकेक. भोकं जितकी, तितके बंध. मुलं काड्या घालून गोळे जोडत आणि कोण कोणाला किती हातांनी धरतो ते शिकत. भोकं मासुओची, रंग त्याच्या बायकोचे, फुसाएचे, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून होती. तिचं कारण दोघांनाच माहीत होतं. मासुओला लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे. दोन्ही रंग त्याला चिखलासारखे दिसत. शिकाऊ असताना त्याने ते उस्तादापासून लपवलं, कारण रंग न कळणाऱ्याला त्या घरात कुणी ठेवलं नसतं. पुढे लपवायची सवयच लागली.

प्रत्येक पेटीत जायची चिठ्ठीही फुसाएच लिही. एका बाजूला सूत्र, दुसऱ्या बाजूला नाव. हायड्रोजन आणि क्लोरीनचं संयुग सूत्रात लिहिताना हायड्रोजन आधी येतो, पण त्याचं जपानी नाव घेताना क्लोरीन आधी. "आपल्या दारावरच्या पाटीसारखं," ती म्हणायची. "पाटीवर नाव तुमचं आधी, पण अख्खी गल्ली म्हणते फुसाएचं घर."

मागच्या शरदात ती गेली. तिची बहीण नागोयाहून आली, आठवडाभर राहिली, आणि जाता जाता कारखाना आवरून गेली. लाल आणि हिरव्याचे दोन-दोन डबे वेगवेगळ्या कोपऱ्यांत असत, ते तिने एका ओळीत लावले. डब्यांवरची नावं ओघळलेल्या रंगाखाली कधीच बुजली होती. मासुओने एक डबा संपला की पुढचा उघडला.

आता ऑक्सिजनचे दोनशे सोळा आणि क्लोरीनचे बहात्तर गोळे त्याच्यासमोर होते. नवा रंग आणून सगळेच रंगवायचे, तर रंगाचे दोन हात आणि मध्ये वाळायला एक पूर्ण दिवस. इतके गोळे सोमवारपर्यंत होणार नव्हते. फक्त चुकलेले रंगवले तर जमण्यासारखं होतं. त्याने गोळे खिडकीशी नेले, सावलीत नेले, एक गोळा ओला करून पाहिला. चिखल तो चिखलच.

गुरुवारी सकाळी पत्रपेटीत गल्लीची, सूचनांचा कागद लावलेली फिरती पाटी पडली. सूचना वाचायची, आपल्या रकान्यात नावाचा शिक्का मारायचा आणि पाटी शेजारच्या घरी पोचवायची. रविवारी गटारसफाई होती. फुसाए पाटी द्यायला गेली की तासाने परतायची. मासुओ गेले सात महिने ती शेजारच्या दाराच्या फटीतून आत सरकवून घंटी न वाजवताच माघारी फिरत होता.

आज त्याने पाटी काखेत मारली, वाडग्यात दहा-बारा गोळे घेतले आणि घंटी वाजवली.

दार उघडलं ते त्र्याऐंशी वर्षांच्या कात्सुमाता आजींनी. "तुम्ही होय? मला वाटलं, पाटीला पाय फुटलेत. आपली आपण येते नि जाते."

"एक काम होतं." त्याने वाडगा पुढे केला. "यातले लाल कोणते, तेवढं सांगाल?"

"चष्मा हरवला?"

"चष्म्याचं नाही. मला कळतच नाही. लहानपणापासून."

आजींनी वाडग्यातला एक गोळा उचलून उजेडात धरला. "फुसाए-सान कधी बोलली नाही."

"मी बजावलं होतं."

"रोज माझ्याकडे चहाला यायची. तुमच्या घोरण्यापासून सगळं सांगून झालं, आणि हे एवढंच गाळलं." त्यांनी चप्पल पायाने बाजूला सारली. "बसा पायरीवर. आणखी किती आहेत?"

बाकीचे गोळे आणि डबे आणायला त्याला तीन खेपा पडल्या. आजींनी आधी लाल डब्यांच्या कड्यांना सुतळी बांधून दिली, मग दोन टोपल्या पुढ्यात ओढल्या.

"हा लाल. हा हिरवा. हा लाल, तुमच्या शिक्क्याच्या शाईसारखा."

मासुओने मान डोलावली. ती शाई त्याला आजवर चिखलाचीच वाटत आली होती.

"याला दोन भोकं का हो?"

"ऑक्सिजन आहे. का ते फुसाएला माहीत होतं. मी नुसती पाडतो."

दुपारपर्यंत निवड संपली. चुकलेले एकशे एकतीस निघाले. आजींनी चहा विचारला. तो नको म्हणाला, आणि घरी पोचल्यावर आपण नको का म्हणालो, ते त्यालाच कळेना.

रविवारी गटारसफाई उरकल्यावर आजींनी रंगवून वाळलेला एकूणएक गोळा डोळ्याखालून घातला. संध्याकाळी मासुओ पेट्या भरायला बसला. फुसाए प्रत्येक पेटीत तपासणीसाठी एक रेणू जोडून ठेवत असे: एक पांढरा गोळा, एक हिरवा, मध्ये काडी. त्यानेही जोडला. तिच्यासारखंच नाव मोठ्याने घेतलं, क्लोरीन आधी. दुसऱ्या पेटीपासून नुसतेच जोडत गेला.

सोमवारी शाळा भरायच्या आधी नागोशी बाई गाडी घेऊन आल्या. त्यांनी तीन-चार पेट्या उघडून पाहिल्या. "आता पाणी स्वच्छ झालं," म्हणाल्या आणि पेट्या घेऊन गेल्या. पुढच्या वर्षाचं काही बोलल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी पाटी पुन्हा आली. मासुओने ती तशीच उचलली, शिक्का खिशात टाकला आणि शेजारची घंटी वाजवली. आजींच्या देखत पायरीवर पाटी ठेवून त्याने आपल्या रकान्यात शिक्का दाबला.

"लाल उठला का?" त्याने विचारलं.

आजींनी वाकून पाहिलं. "उठला. जरा वाकडा उठलाय."