पांढरीवरचं सारवण

"असं उघडं घर दाखवतेत का पावन्याइले?" पंचफुलाबाईनं शेणकाल्याचं घमेलं खड्ड्याच्या काठावर टेकवलं. "उतर खाली वं. पाय धुऊन उतर."

तिची सून प्रेमिला जागची हलेना. खाली, पुरुषभर खोल, दोन-अडीच हजार वर्षांमागचं कुणाचंतरी घर उघडं पडलं होतं. खांबांची भोकं, चोपून घट्ट केलेली भुई आणि मधोमध मातीची चूल. उमरेड रस्त्याच्या या पांढरीवर, जुन्या वस्तीच्या राखाडी टेकाडावर, थंडीपासून खोदकाम चाललं होतं. प्रेमिला घमेल्यातल्या पाण्याकडेच बघत होती.

"आत्याबाई, प्याचं पानी होतं ते."

"एक दिवस घसा सुकला तं कोनी मरत नाई. नाक कापलं तं मरते."

बहात्तर सालचा तो उन्हाळा. पावसानं दुसऱ्या वर्षीही तोंड फिरवलं होतं आणि निम्मं गाव पोटामागे नागपूरला गेलं होतं. पंचफुलाबाईचा मुलगा रुपराव उमरेडच्या कोळसा खाणीवर गेला तो गेलाच. ना निरोप, ना माणूस. पण टेकाडावर दोघी सासवा-सुनांना काम होतं, त्यावर घरची चूल पेटत होती. नवऱ्याच्या घरातून निघेन ती चौघांच्या खांद्यावर, असं पंचफुलाबाईनं भावकीच्या तोंडावर बोलून ठेवलेलं. ते बोलणं आता या टेकाडावर टांगलेलं होतं.

खोदकामाचे मुख्य साहेब मनोहरराव. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं, की उद्या दिल्लीचे मोठे लोक हे घर बघायला येणार. त्यांच्या मनास आलं तर काम पावसाळ्यापर्यंत चालेल, नाहीतर तंबू उठतील. बाकीच्या बायका उसासून घरी गेल्या. पंचफुलाबाईला मात्र त्या घराची भकास भुई आणि चुलीतली शिळी राख दिसत राहिली. घर कुणाचंही असो, पाहुणे नाव ठेवतात ते बाईला. आणि सारवणात तिचा हात धरणारी पंचक्रोशीत कुणी नव्हती. लग्नघरची माणसं तिला बोलवायला यायची.

चौकीदार आडवा आला, त्याला तिनं दोन शब्दांत गार केलं. चुलीतली राख सुपात भरून तिनं उपसलेल्या मातीच्या ढिगावर उधळली. मग कोपऱ्यापासून दारापर्यंत, दार असावं तिथपर्यंत, तीन बोटांच्या वळणदार ओळी ओढत ती मागे सरकत आली. खांबांची भोकंसुद्धा कडेनं लिंपली. चूल पोतेऱ्यानं लख्ख केली आणि कुंकवाची डबी सुनेच्या हाती दिली. "तू लाव. माह्या हातचं नाई चालत."

मनोहरराव आले आणि काठावरून वाकून चुलीत बघू लागले.

"राख कुठे आहे, पंचफुलाबाई?"

"काढली. पाहा कसं झालं घर, पोटच्या लेकीचं असल्यावानी."

ते ओरडले नाहीत. हळू आवाजात, जणू स्वतःलाच, सांगत गेले. त्या राखेत जळके दाणे होते. ते लोक काय पिकवत होते, पाऊस कसा आटत गेला, घर टाकून का गेले, हे त्या दाण्यांवरून कळलं असतं. पाहुण्यांना जशीच्या तशी दिसावी म्हणून राख चुलीत राखून ठेवली होती. ते यायचे होते ते त्या राखेसाठीच.

पंचफुलाबाई सूप घेऊन ढिगावर गेली. वारा सुटला होता. ती सुपात माती घेई, पाखडी, बोटांनी चिवडी. जीप आली, माणसं उतरली, खड्ड्यात डोकावून चढली, जीप गेली. तिनं मान वर केली नाही. उन्हं कलल्यावर पदराच्या टोकात तीन-चार काळे कण घेऊन ती तंबूपाशी आली.

"हे घ्या. हेच असतीन."

"हे आता कुठलेही असू शकतात. कुणी मानणार नाही."

"मले न्या त्या दिल्लीवाल्याइपाशी. माह्या हातानं काढली, मीच सांगीन."

मनोहररावांनी नाही म्हणून मान हलवली.

"मंग शिव्या तं द्या. असे गुमसुम काहून बसले?"

"चूक आमची आहे, बाई. आम्ही आधी सांगायला हवं होतं."

शिवी दिली असती तर तिला उलटून बोलता आलं असतं. तिनं पदराला गाठ मारली. जाताना थांबून तिनं एवढंच विचारलं, की त्या जुन्या घरातले लोक गेले कुठं. साहेब म्हणाले, माहीत नाही; पाणी असेल तिकडे.

आठवड्यात तंबू उठले. प्रेमिलाची मावसबहीण नागपुरात लकडगंजला मिरचीच्या गोदामात देठं खुडायला जायची, तिच्या खोलीत दोघींपुरती जागा होती. सासू नाही म्हणेल, या भीतीनं प्रेमिलानं ते चाचरत सांगितलं. पंचफुलाबाई नाही म्हणाली नाही. तेच प्रेमिलाला जास्त लागलं.

निघायच्या सकाळी बोचकी दारात होती. प्रेमिलानं केर काढला आणि राख भरायला सूप घेऊन चुलीपाशी वाकली.

"राहू दे," पंचफुलाबाई म्हणाली.

"अशीच टाकून जाचं? लोक काय म्हनतीन?"

पंचफुलाबाई चुलीपुढे बसली. पदराची गाठ सोडून तिनं ते काळे कण राखेत ठेवले आणि वर हळूच राख सारली, विस्तव झाकतात तशी. रस्त्यावर एसटीचा भोंगा वाजला. ती उठली. राखेचा हात लुगड्याला न पुसता तिनं बाहेरून कडी लावली.